महाविद्यालयीन परिसराचे नूतनीकरण : दीर्घकालीन नियोजनाची दिशा
(वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

गोषवारा : विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या विकासाचा विचार बहुधा नव्या इमारतींच्या अंगाने केला जातो. उभ्या असलेल्या इमारतींचे वय, त्यांची झीज आणि त्यांच्या नूतनीकरणास लागणारा निधी यांचा विचार मात्र अडचण आल्यावरच होतो. प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील जमीन, पाणी व उष्णता यांच्या संदर्भात परिसर-नूतनीकरणाच्या दीर्घकालीन नियोजनाची तत्त्वे मांडली असून, पातूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयास उपलब्ध मनुष्यबळात असा आराखडा कसा तयार करता येईल, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : परिसर-नूतनीकरण, इमारतींचे आयुर्मान, देखभाल निधी, काळी जमीन, खारपाणपट्टा, महाविद्यालय विकास समिती.

प्रस्तावना

वऱ्हाडातील उच्च शिक्षणाच्या वास्तूंना आता शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२३ मध्ये अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय आणि आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये आज त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. २०३३ मध्ये या विद्यापीठास पन्नास वर्षे पूर्ण होतील. दरम्यानच्या काळात तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघाली. देणग्या, श्रमदान व लोकवर्गणी यांतून त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि खेड्यापाड्यांतील मुलामुलींच्या पहिल्या पिढीने तेथे पदवी घेतली.

या विस्तारकाळातील वास्तू आता एकाच वेळी वृद्ध होत आहेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या प्रचलित गृहीतकांनुसार भारवाही भिंतींच्या इमारतीचे आयुर्मान सुमारे ५५ वर्षे आणि सिमेंट काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीचे सुमारे ७५ वर्षे मानले जाते. हे आकडेही योग्य देखभाल झाली तरच लागू पडतात. १९६५ ते १९८० या काळात बांधलेली भारवाही भिंतींची वर्गखोली या हिशेबाने २०२० ते २०३५ या दरम्यान आपल्या गृहीत आयुष्याच्या शेवटास येते. म्हणजेच ज्या पंधरा वर्षांत आपण आहोत, त्याच पंधरा वर्षांत वऱ्हाडातील अनेक शिक्षणसंस्थांना आपल्या मूळ इमारतींविषयी निर्णय घ्यावे लागणार आहेत. हे निर्णय विचारपूर्वक होतील की पावसाळ्यात छत गळू लागल्यावर घाईने होतील, हा या लेखाचा मूळ प्रश्न होय.

विकास आणि नूतनीकरण : संकल्पनात्मक भेद

विकास आराखडा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नकाशा येतो. त्यात सभागृह, वसतिगृह, क्रीडासंकुल, प्रवेशद्वार अशा भावी वास्तू रंगवलेल्या असतात. असा नकाशा उपयुक्त असतोच. परंतु त्यात एक गोष्ट दिसत नाही. प्रत्येक नवी इमारत ही संस्थेवर पडलेली पुढील पन्नास-साठ वर्षांची जबाबदारी असते. बांधकामासाठी अनुदान किंवा देणगी एकदाच मिळते. छत, वीज, पाणी, शौचालये व रंगसफेदी यांचा खर्च मात्र दरवर्षी संस्थेस उचलावा लागतो. देणगीदाराच्या नावाची कोनशिला नव्या इमारतीवर बसते. जुन्या इमारतीच्या छतावर घातलेल्या वॉटरप्रूफिंगवर कोणाचे नाव कोरले जात नाही. म्हणून नूतनीकरणास पैसा मिळणे अवघड जाते आणि नियोजनाची गरज नेमकी तेथेच असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. इमारत आज नव्याने बांधावयाची झाल्यास जो खर्च येईल, त्याच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी देखभाल व दुरुस्तीवर खर्च व्हावी, असे त्यात सुचविले होते. आपल्याकडील मजुरी व साहित्य यांचे दर भिन्न असले तरी प्रमाणाची कल्पना येण्यास हा आकडा उपयोगी पडतो. समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या इमारती आज बांधण्यास ५ कोटी रुपये लागतील. २ टक्के दराने देखभालीची रक्कम वर्षाला १० लाख रुपये होते. प्रत्यक्षात २ लाखच खर्च होत असतील, तर उरलेल्या ८ लाखांची बचत झाली असे म्हणता येत नाही. ती रक्कम इमारतीवरील कर्ज म्हणून साठत जाते आणि दहा वर्षांनी गंजलेल्या सळया, फुगलेला गिलावा व धोकादायक वीजवाहिन्या यांच्या रूपाने वसूल होते.

वऱ्हाडातील वास्तूंसमोरील नैसर्गिक आव्हाने

कोणताही परिसर-आराखडा स्थानिक भूगोलापासून सुरू झाला पाहिजे. वऱ्हाडात जमीन, पाणी व उष्णता या तीन घटकांचा इमारतींवर थेट परिणाम होतो.

*अ) जमीन :* पूर्णेच्या खोऱ्यातील काळी भारी जमीन कापसास मानवते, इमारतीस ती त्रासदायक ठरते. तिच्यातील चिकणमातीचे कण पावसाळ्यात पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. शेतात मे महिन्यात पडणाऱ्या भेगा आपल्या परिचयाच्या आहेत. तीच हालचाल पायाखाली होत असते. भिंतीखालची माती सर्वत्र सारखी ओली अथवा कोरडी नसते. त्यामुळे इमारतीचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा खचतो आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. अशा खोल थरांच्या जमिनीत हालचालीच्या टप्प्याखाली जाणारा पाया घ्यावा लागतो. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यासाठी तळाशी फुगीर असलेल्या खांबांच्या पायाची पद्धत विकसित केली. भारतीय मानकानुसार खोल काळ्या जमिनीत या खांबांची लांबी किमान ३.५ मीटर असावी लागते. पातूर परिसरात डोंगरपायथ्याची मुरमाड जमीन आणि खोऱ्याकडील काळी जमीन अशा दोन्ही प्रकारच्या जमिनी आढळतात. म्हणून शेजारच्या गावातील पायाचा नकाशा आपल्या आवारात जसाच्या तसा वापरणे योग्य नाही.

जुन्या इमारतीचा पाया बदलता येत नसला तरी त्याखालील ओलावा स्थिर ठेवता येतो. जोत्याभोवती उताराची फरसबंदी करणे, छताचे पाणी पन्हळीतून भिंतीपासून दूर नेणे, फुटलेले नळ त्वरित दुरुस्त करणे आणि मोठी झाडे भिंतीलगत न लावणे हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. भेगेत सिमेंट भरून रंग दिल्याने तिचे कारण दूर होत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते.

*आ) पाणी :* अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठचा खारपाणपट्टा सर्वपरिचित आहे. तेथील भूजलातील क्षारांचा विचार आपण पिण्याच्या व सिंचनाच्या संदर्भात करतो. बांधकामाच्या संदर्भात क्वचितच करतो. सळयांच्या काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा भारतीय मानकाने २००० मध्ये घालून दिली आहे. खाऱ्या बोअरच्या पाण्यात कालवलेले काँक्रीट सुरुवातीस मजबूत दिसते. परंतु क्षारांमुळे आतील लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे काँक्रीटचा थर फुगून सुटतो आणि स्लॅबच्या खालच्या बाजूस सळया उघड्या पडतात. अशा छताखाली वर्ग भरविणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. वर्गात कोणी बसण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी होणे अनिवार्य मानले पाहिजे.

पाण्याची दुसरी बाजू साठवणुकीची आहे. १,००० चौरस मीटर छतावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७ लाख लिटर पाणी जमा होते. त्यातील ८० टक्के हाती लागले तरी ते ५ लाख ६० हजार लिटर भरते. छताची दुरुस्ती करावयाचीच असेल, तर त्याच वेळी उतार, पन्हळी, गाळणी व टाकी यांची व्यवस्था केल्यास दोन्ही कामे एकाच खर्चात बऱ्याच अंशी साधतात. नियोजन असल्यास असे योग जुळविता येतात. तातडीच्या दुरुस्तीत ते सुटून जातात.

*इ) उष्णता :* मे २०२० च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा याच ऋतूत होतात. अकोल्याचा अक्षांश सुमारे २०.७ अंश उत्तर असल्याने मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. या काळात भिंतींपेक्षा छतच अधिक तापते आणि वरच्या मजल्यावरील परीक्षार्थी त्याखाली तीन तास बसतो. छतावर पांढरा परावर्तक लेप किंवा चुन्याचा हात देणे, पश्चिमेच्या भिंतींना छज्जा किंवा झाडांची सावली देणे आणि समोरासमोरील खिडक्या उघड्या राहतील अशी मांडणी करणे हे उपाय वातानुकूलन यंत्रांच्या आधी करावयाचे आहेत. जुन्या इमारतींतील जाड भिंती, उंच छत व रुंद व्हरांडे ही या हवामानाची समज होती. नूतनीकरणाच्या नावाखाली व्हरांडे बंद करून खोल्या काढण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

अन्यत्रचे अनुभव

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली तेव्हा त्यास गणेशखिंड येथील गव्हर्नरचे निवासस्थान मिळाले. १८६४ मध्ये काम सुरू झालेली आणि १८७१ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू सुमारे ४११ एकरांच्या परिसरात विद्यापीठाचे मुख्य भवन झाली. एका प्रयोजनासाठी बांधलेली भक्कम वास्तू दुसऱ्या प्रयोजनासाठी अनेक दशके वापरता येते, हे या उदाहरणावरून दिसते. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट परिसरातील राजाबाई टॉवर व ग्रंथालय ही १८७८ मध्ये पूर्ण झालेली वास्तू. तिचे जतनकार्य २०१३ ते २०१५ या काळात एका वारसा संस्थेच्या पुढाकाराने व खासगी उद्योगाच्या अर्थसाहाय्याने झाले. अशा ख्यातनाम वास्तूंना दाते मिळतात. तालुक्याच्या महाविद्यालयातील आठ खोल्यांच्या इमारतीस असा दाता मिळण्याची शक्यता कमी. म्हणून तिला नियमित देखभालीचाच आधार आहे.

लहान संस्थांना अधिक मार्गदर्शक ठरणारे उदाहरण अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे आहे. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विद्यापीठासाठी केलेल्या नियोजनाचे विवेचन १९७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. वीस-पंचवीस वर्षांनंतरचा परिसर आजच नकाशावर गोठवू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. नकाशाऐवजी त्यांनी काही तत्त्वे सुचविली. त्यांपैकी तीन आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, इमारतीविषयीचे निर्णय तिचा रोज वापर करणाऱ्यांच्या सहभागाने व्हावेत. दुसरे, उपलब्ध निधी मोठ्या, मध्यम व लहान कामांत समप्रमाणात विभागावा, म्हणजे एका भव्य इमारतीपायी शंभर लहान दुरुस्त्या अडून राहणार नाहीत. तिसरे, दरवर्षी परिसराचे निदान करून कोणत्या जागा नीट उपयोगात आहेत आणि कोणत्या निरुपयोगी झाल्या आहेत, हे नकाशावर दाखवावे. शेतकरी दरवर्षी बांधबंदिस्ती पाहतो, विहिरीचा गाळ काढतो, गोठ्याची कौले फेरतो. ही पद्धत त्याच शहाणपणाची आहे.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ आणि त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या दोहोंत विद्यापीठाने बृहत् आराखडा तयार करण्याची तरतूद आहे. नवी महाविद्यालये व अभ्यासक्रम कोठे हवेत, हा त्या आराखड्याचा मुख्य भर. महाविद्यालयाच्या अंतर्गत नियोजनासाठी मात्र २०१६ च्या अधिनियमातील कलम ९७ अधिक महत्त्वाचे आहे. या कलमान्वये स्थापन होणाऱ्या महाविद्यालय विकास समितीने शैक्षणिक, प्रशासकीय व पायाभूत सुविधांच्या वाढीचा सर्वंकष विकास आराखडा तयार करावयाचा आहे. या समितीत शिक्षकांनी निवडलेले तीन प्रतिनिधी व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतो आणि वर्षातून किमान चार बैठका अपेक्षित आहेत. इमारतींचा विषय हा केवळ व्यवस्थापनाचा, असे मानण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या २०१७ च्या पुस्तिकेत पायाभूत सुविधांच्या निकषाखाली परिसराच्या देखभालीस स्वतंत्र २० गुण होते. राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाच्या २०१३ पासूनच्या पहिल्या टप्प्यात महाविद्यालयांना मिळणाऱ्या पायाभूत अनुदानापैकी ३५ टक्के रक्कम नव्या बांधकामास, ३५ टक्के नूतनीकरणास व ३० टक्के साधनसामग्रीस अशी विभागणी होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अस्तित्वातील सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम २०१७ मध्ये आले; म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. ग्रंथालय वरच्या मजल्यावर आणि जिना हाच एकमेव मार्ग, अशी स्थिती असेल तेथे ग्रंथालयाची जागा बदलणे हे नव्या इमारतीपेक्षा आधीचे काम ठरते.

आराखड्याची पंचसूत्री

वरील विवेचनाच्या आधारे तालुकास्तरीय महाविद्यालयासाठी पुढील क्रम सुचविता येईल.

१) *इमारत नोंदवही :* प्रत्येक इमारतीसाठी बांधकामाचे वर्ष, पायाचा प्रकार, क्षेत्रफळ, मूळ नकाशा, झालेल्या दुरुस्त्या, वीजवाहिन्या व जलवाहिन्यांचे मार्ग यांची एकत्र नोंद ठेवावी. जमिनीखालचा नळ कोठून जातो, हे अनेक ठिकाणी वीस वर्षे सेवा केलेल्या शिपायालाच ठाऊक असते. तो निवृत्त झाला की ती माहितीही जाते. ती आधीच लिहून घ्यावी.

२) *वर्षातून दोन पाहण्या :* एक मे महिन्यात, भेगा सर्वाधिक उघडलेल्या असताना, दुसरी ऑगस्टमध्ये, गळती प्रत्यक्ष दिसत असताना. भेगेच्या दोन्ही टोकांवर तारखेसह खूण केल्यास ती वाढते की स्थिर आहे, हे दोन वर्षांत कळते. भूगोल व विज्ञान विभागांच्या विद्यार्थ्यांना या नोंदींत सहभागी करून घेता येईल.

३) *जागेच्या वापराचा हिशेब :* १२ खोल्या आठवड्याला प्रत्येकी ४८ तास उपलब्ध असतील, तर एकूण ५७६ खोली-तास होतात. वेळापत्रकानुसार २३० तासच वापर होत असेल, तर तो सुमारे ४० टक्के भरतो. अशा स्थितीत नव्या खोल्यांची मागणी करण्यापूर्वी वेळापत्रक बदलणे श्रेयस्कर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली असून, त्यात खोल्यांच्या संख्येइतकाच त्यांच्या बहुविध उपयोगाचा प्रश्न आहे.

४) *कामांचा अग्रक्रम :* प्रथम जीविताची सुरक्षितता, म्हणजे स्लॅब, वीज व अग्निसुरक्षा. त्यानंतर पाणी, म्हणजे छत, पन्हळी व निचरा. मग स्वच्छतागृहे व सुगमता, त्यापुढे उष्णतेपासून बचाव आणि सर्वांत शेवटी रंगरूप. मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी होणारी रंगरंगोटी या क्रमात अखेरची असली, तरी व्यवहारात ती बहुधा पहिली असते. ओल्या भिंतीवर दिलेला रंग एका पावसाळ्यापुरताच टिकतो.

५) *स्वतंत्र नूतनीकरण निधी :* छताचे वॉटरप्रूफिंग दहा वर्षे टिकते असे धरले, तर त्याच्या खर्चाचा दहावा भाग दरवर्षी बाजूला काढावा. वीजवाहिन्या, पंप व फरशी यांचेही आयुर्मान धरून असाच हिशेब करावा. नवी इमारत स्वीकारताना तिच्या देखभालीची वार्षिक तरतूद त्याच ठरावात नमूद करावी.

कालमर्यादेच्या दृष्टीने हा आराखडा पंचवीस वर्षांचा असावा. पहिले वर्ष नोंदींचे, पुढील पाच वर्षे सुरक्षितता व पाण्याची, त्यानंतरची दहा वर्षे टप्प्याटप्प्याने नूतनीकरणाची आणि अखेरची नऊ वर्षे ज्या इमारती पाडणेच योग्य, त्यांच्या पर्यायी बांधकामाची. दर पाच वर्षांनी विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यासोबत त्याचा फेरविचार व्हावा.

समारोप

ज्या संतांचे नाव आपल्या विद्यापीठाने धारण केले आहे, त्या गाडगे बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या आणि त्यांची व्यवस्था पुढे चालावी म्हणून विश्वस्त संस्था निर्माण केल्या. गावात पोहोचल्यावर त्यांच्या हाती प्रथम खराटा असे, कीर्तन त्यानंतर. वास्तू उभारणे आणि ती राखणे ही दोन्ही कामे त्यांच्या लेखी सारखीच मोलाची होती. आपल्या संस्थांनी पहिले काम मोठ्या जिद्दीने केले आहे. दुसऱ्या कामाची वेळ आता आली आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी लोकवर्गणीतून वर्गखोल्या बांधल्या, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी महाविद्यालयात गेलेले कोणी नव्हते. त्यांच्या नातवंडांना त्याच छताखाली निर्धोकपणे बसता यावे, ही जबाबदारी आज शिक्षक म्हणून आपणावर येते. महाविद्यालय विकास समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘इमारत नोंदवही’ हा एक विषय घालणे, ही तिची सुरुवात होऊ शकेल. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.